‘एबल’ला मराठीत नक्की काय म्हणायचं? सक्षम, समर्थ की आणखी काही?

पाणपोई

नमस्कार मंडळी,

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते, बहुतेक सगळी आरोग्याच्या विषयावरची. मध्यंतरी गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी एक प्रश्नावली मराठीत करून दिली. त्यातला एक प्रश्न साधा होता: ‘आर यू एबल टू क्लाइंब अ फ्लाइट ऑफ स्टेअर्स?’ मी लिहिलं, ‘आपण एक जिना चढण्यास सक्षम आहात का?’ शुद्धलेखन तपासलं, दोघांनी वाचलं, कुणाला काही खटकलं नाही. फॉर्म छापून आले.

काही दिवसांनी त्याच दवाखान्यात बसले होते. समोर एक आजी होत्या, सत्तरीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, चष्म्याला दोरा बांधलेला. सिस्टर एकेक प्रश्न वाचत होत्या. ‘जिना चढण्यास सक्षम आहात का?’ आल्यावर आजी म्हणाल्या, ‘मी कसली सक्षम गं बाई, माझं सगळं मुलगाच बघतो.’ सिस्टरनी ‘नाही’वर खूण केली. पुढे एक्स-रेसाठी वर जायचं होतं, लिफ्टला रांग होती, तर आजी कठड्याला धरून एकेक पायरी करत वर गेल्यासुद्धा! मी खालून बघत होते. कागदावर मात्र या बाईला जिना चढता येत नाही असं कायमचं लिहिलं गेलं.

चूक माझ्या वाक्याची होती, आजींची नाही आणि सिस्टरचीही नाही. त्यांनी ‘सक्षम’ हा शब्द त्यांच्या आयुष्यात ज्या अर्थाने ऐकला त्याच अर्थाने घेतला: पैशाने, अधिकाराने स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. ‘एबल’, ‘केपेबल’, ‘कॉम्पिटंट’ या तिघांना आपण सरसकट ‘सक्षम’ लावतो. इंग्रजीत त्यांच्यात फरक काय, आणि मराठीत तो फरक कुठे राहतो? ज्यांना यातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा. प्रश्नावली पुन्हा करायची आहे.

---

चौथा_बाक

चांगला विषय. बावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतोय, दरवर्षी इथे मुलं अडखळतात, म्हणून जरा लांबण लावतो.

‘एबल’ची वाक्यात दोन घरं आहेत आणि घर बदललं की अर्थ बदलतो. क्रियापदानंतर आला तर मागून ‘टू’ लागतं आणि अर्थ फक्त ‘एखादी गोष्ट करता येणं’ एवढाच: ‘शी इज एबल टू वॉक’. नामाच्या आधी बसला की तो गुणवाचक होतो. ‘ॲन एबल लॉयर’ म्हणजे कोर्टात उभं राहता येणारा वकील नव्हे. आपल्या कामात खरोखर तरबेज असलेला वकील. आपण अशा माणसाला ‘निष्णात’ म्हणू, ‘कर्तबगार’ म्हणू. पहिल्या घरात कौतुक नाही, दुसऱ्या घरात पुष्कळ आहे.

‘केपेबल’च्या मागून ‘ऑफ’ येतं, ‘टू’ नाही. ‘केपेबल टू डू’ ही आपल्याकडची सर्रास चूक. अर्थही जरा निराळा: ‘एबल’मध्ये आत्ताची, या परिस्थितीतली गोष्ट असते, ‘केपेबल’मध्ये अंगात दडलेली कुवत. ‘ही इज केपेबल ऑफ मर्डर’ म्हणजे तो खून करायलाही मागेपुढे पाहणार नाही, त्याच्या स्वभावात ते आहे. इथे ‘एबल टू’ घातलं तर वाक्याचा जीवच जातो. शिवाय ‘केपेबल’ निर्जीव वस्तूला सहज लागतो: लिफ्ट सहा माणसं नेण्याला ‘केपेबल’ असते. लिफ्टला ‘एबल’ म्हटलेलं इंग्रजांच्या कानाला अवघड वाटतं.

आता मुलांना सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. ‘कॅन’ला भविष्यकाळ नाही, पूर्णकाळ नाही. ‘विल कॅन’ होत नाही. म्हणून ‘विल बी एबल टू’, ‘हॅव बीन एबल टू’ अशी सोय केली आहे. भूतकाळात ‘कुड’ आहे, पण त्यालाही एक खोच आहे. लहानपणी मला पोहता यायचं, हे ‘कुड’ने सांगायचं. काल धावत जाऊन शेवटची गाडी एकदाची पकडली, हे ‘वॉज एबल टू’ने सांगायचं. तिथे ‘कुड कॅच’ चालत नाही, कारण ‘कुड’ कुवत सांगतो, ती एकदा कामी आली हे सांगत नाही. नकारात मात्र ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतो.

आपण मराठीत हे किती सहज करतो बघा. ‘मला पोहता यायचं’ आणि ‘मला गाडी मिळाली’. दुसऱ्या वाक्यात कुवतीचा उल्लेखही नाही! अनुवादात ‘मी गाडी पकडण्यास सक्षम होतो’ असं लिहिणाऱ्याला मी उभं करतो आणि विचारतो, घरी आईला असंच सांगशील का?

---

जुई_२

सर, ‘अनेबल’ नामाच्या आधी का येत नाही? ‘ॲन अनेबल पर्सन’ लिहिलं तर आमच्या बाईंनी खोडलं होतं.

---

चौथा_बाक

बरोबर खोडलं. ‘अनेबल’ला एकच घर आहे, क्रियापदानंतरचं. काय करता येत नाही हे सांगितल्याशिवाय तो शब्द उभाच राहत नाही. माणसाचा कायमचा गुण म्हणून नकार द्यायचा तर ‘इनकेपेबल’ आहे, आणि तो फार कठोर शब्द आहे, जपून वापरावा.

---

खलाशी_गुहागर

मला व्याकरणातलं फार कळत नाही, पण ‘एबल’ हा शब्द माझ्या नोकरीच्या कागदावर छापलेला होता, म्हणून लिहितो.

आमच्या कोकणात घराघरात कुणीतरी बोटीवर असतो. विचाराल ‘काय म्हणून आहे?’ तर उत्तर येईल, ‘एबी आहे.’ एबी म्हणजे ‘एबल-बॉडीड सीमन’. आधी ओएस म्हणजे ‘ऑर्डिनरी सीमन’ म्हणून चढायचं, रंगकाम, गंज काढणं, दोर ओढणं करायचं. समुद्रावरची नोकरी भरली, परीक्षा झाली, सुकाणूवर उभं राहता यायला लागलं की मग एबी. आमच्या आजोबांच्या वेळी यालाच सुकाणी म्हणायचे, त्याच्या वर तांडेल, त्याच्या वर सारंग. 2010 मध्ये मनिलाला आंतरराष्ट्रीय नियम सुधारले, त्यात ‘एबल सीफेअरर डेक’ अशी वेगळी पायरीच घातली.

शिडाच्या जहाजांच्या काळी इंग्रजांकडे एबीची कसोटी तीन शब्दांत सांगायचे: ‘हँड, रीफ अँड स्टीअर’. शीड गुंडाळता आलं पाहिजे, वारा वाढला की शीड आखडून बांधता आलं पाहिजे, आणि सुकाणू धरता आलं पाहिजे. म्हणजे अंगाने धडधाकट एवढाच अर्थ नाही. धडधाकट तर ओएसपण असतो, बऱ्याचदा एबीपेक्षा जास्त. फरक हाताचा आहे.

मी पहिल्यांदा सुकाणूवर उभा राहिलो ती रात्रीची पाळी होती. कॅप्टन म्हणाला दोनशे सत्तर अंशावर धर. मी होकायंत्राच्या काट्याकडे बघून चाक फिरवत राहिलो आणि बोट सापासारखी वळत गेली. म्हातारा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, मागे उभा होता, गोव्याचा. म्हणाला, काटा बघू नको, बोटीचं नाक बघ, आणि ती वळायला लागायच्या आधी हात उलटा घे. आठवडाभराने मला कळलं तो काय म्हणाला ते. पायातूनच समजतं बोट कुठे चालली आहे. त्याला मी ‘सक्षम’ म्हणणार नाही. आमच्यात म्हणतात, त्याचा हात बसला.

---

पाणपोई

खलाशीकाका, तुमचा ‘हात बसला’ वाचून अंगावर काटा आला. कारण सांगते. ‘एबल’चं मूळ शोधत होते. तो लॅटिनमधल्या ‘हाबिलिस’वरून जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला, आणि ‘हाबिलिस’चा पहिला अर्थ ‘हातात नीट बसणारा, सहज हाताळता येणारा’. ते ‘हाबेरे’, म्हणजे धरणं, बाळगणं, या धातूपासून झालं. म्हणजे अवजार हातात बसतं तिथून सुरुवात, आणि मग अवजार धरणाऱ्या माणसाला तोच शब्द लागला. तुमच्या बोसनने तुम्हाला शब्दाचा मूळ अर्थच शिकवला.

आणि मराठीत बघा, कसबाचे किती शब्द हातावरून आलेत: हातोटी, हातखंडा, हात बसणं, हातचा मळ. दोन भाषांचा इथे काही संबंध नाही, पण माणसाने कसब बघितलं ते हाताकडे बघूनच.

‘केपेबल’चं कूळ वेगळं. ते ‘कापेरे’वरून, म्हणजे घेणं, पकडणं. सुरुवातीला त्याचा अर्थ ‘सामावून घेणारा’ असा होता, ‘कपॅसिटी’त तो अजून आहे. आपल्या ‘आवाका’ शब्दाशी याचं छान जुळतं: कवेत किती मावतं. चौथा_बाक सर म्हणाले की ‘केपेबल’मध्ये आत दडलेली कुवत असते, ती इथून आली असावी असं मला वाटतं.

---

रिकामा_तास

‘केपेबल’ आणि ‘काबील’ एकच का? उच्चार किती सारखा!

---

पाणपोई

नाही, योगायोग आहे. ‘काबील’ अरबीतून आला. लायक, कुवत, मगदूर हेही त्याच वाटेने, फारसीमार्गे आपल्याकडे आले. कुवतीसाठी आपण रोजच्या बोलण्यात किती अरबी शब्द वापरतो!

---

ओसरी

धागा वर आलेला बघून राहवलं नाही. (हे ‘राहवलं नाही’ लक्षात ठेवा, पुढे उपयोगी आहे.)

मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं, की ‘एबल’साठी मराठीत विशेषण शोधत बसणं ही चुकीची वाट आहे. इंग्रजीने हे काम विशेषणाला दिलं, मराठीने क्रियापदाला. आणि एकाच क्रियापदाला नाही.

‘मला पोहता येतं.’ शिकलोय, अंगात आहे.
‘मी पोहू शकतो.’ शक्यता आहे, अडचण नाही. उदाहरणार्थ, आज तलाव उघडा आहे.
‘मला आता पोहवत नाही.’ कला आहे, तलाव उघडा आहे, पण शरीर साथ देत नाही.

इंग्रजीत तिन्हींना ‘एबल टू’ किंवा ‘कॅन’ चालून जाईल. मराठीत तिन्ही वेगळी माणसं आहेत. तिसऱ्या प्रकाराला व्याकरणात शक्य क्रियापद म्हणतात. चालवत नाही, बोलवत नाही, उठवत नाही, जेववत नाही, बघवत नाही, आणि वर मी लिहिलेलं ‘राहवलं नाही’सुद्धा. कर्त्याला ‘मी’ न म्हणता ‘मला’ किंवा ‘माझ्याच्यानं’ म्हणायचं: ‘माझ्याच्यानं आता जिना चढवत नाही.’ म्हणजे करणारा मी राहिलोच नाही, माझ्यामार्फत ते घडतं किंवा घडत नाही. दुखऱ्या गुडघ्याचं याहून नेमकं वर्णन मला तरी माहीत नाही.

माझी आई शेवटच्या वर्षात अंथरुणावर होती. डॉक्टर विचारायचे, ‘आजी, उठू शकता का?’ ती म्हणायची, ‘उठू शकते हो, पण उठवत नाही.’ तरुण डॉक्टर गोंधळायचे. मला तिचं म्हणणं स्वच्छ कळायचं. पाय मोडलेले नाहीत, कुणी बांधून ठेवलेलं नाही, आतली ताकद संपली आहे. ‘शकणं’ आणि ‘-वणं’ यांच्यामधली ती फट तिचं दुखणं होती.

एक अडचण सांगून ठेवतो. प्रयोजक, म्हणजे दुसऱ्याला करायला लावणारं, क्रियापदही असंच दिसतं. ‘आई बाळाला हसवते’ हे प्रयोजक, ‘मला आता हसवत नाही’ हे शक्य. वाक्याच्या बांधणीवरून कळतं, पण सुटं ‘चढवतो का?’ विचारलंत तर तरुण माणसाला वाटेल, कुणाला तरी उचलून चढवायचं आहे.

---

वऱ्हाडी_पाटी

आमच्याकडे ‘माह्याच्यानं होत नाही’. एवढ्यात सगळं आलं. शेतात असो की दवाखान्यात.

---

मांडवी_काठ

गोव्यात कोंकणीत ‘म्हज्यान जायना’. ‘माझ्याच्यानं’चीच बहीण!

---

काळा_डगला

‘सक्षम’ची बाजू कुणीतरी घ्यायला हवी म्हणून लिहितो. कायद्यात हा शब्द अगदी योग्य जागी बसला आहे, पण तो ‘एबल’चा प्रतिशब्द म्हणून नव्हे, ‘कॉम्पिटंट’चा म्हणून.

1872च्या भारतीय करार कायद्याचं 11 वं कलम सांगतं, करार करायला ‘कॉम्पिटंट’ कोण: जो सज्ञान आहे, ज्याचं मन ठिकाणावर आहे आणि ज्याला कोणत्या कायद्याने मनाई केलेली नाही. यात हुशारीचा प्रश्न कुठेच नाही. सतरा वर्षांचा मुलगा अख्खं दुकान चालवत असेल, हिशेब तोंडपाठ असतील, तो ‘एबल’ आहे, ‘केपेबल’ही आहे. तरी त्याने केलेला करार मुळातच रद्दबातल. 1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी राज्यात शेवटचं अपील जिथे जायचं त्या लंडनच्या न्यायपीठाने, मोहोरी बीबी प्रकरणात हे कायमचं ठरवून टाकलं.

उलट साक्षीच्या कायद्यात पाहा. तिथे वयाची अट नाही. लहान मूलसुद्धा, त्याला प्रश्न कळत असेल आणि समजून उत्तर देता येत असेल, तर सक्षम साक्षीदार. म्हणजे एकच मूल एका दारात सक्षम, दुसऱ्या दारात अक्षम, आणि मूल तर तेच! कायद्यातली सक्षमता माणसाच्या अंगात नसते, ती कायद्याने दिलेली असते. ‘सक्षम प्राधिकारी’ हाही तसाच: त्या खुर्चीला अधिकार आहे, माणूस कसाही असो.

त्यामुळे पाणपोईताई, आजी चुकल्या नाहीत असं तुम्ही म्हणालात ते मला पटलं. ‘सक्षम’मध्ये अधिकाराचा वास आहेच. त्यांनी तो बरोबर ओळखला.

---

पांढरी_काठी

मी जन्मापासून बघू शकत नाही. मोबाइल मला हा धागा वाचून दाखवतो आहे. ‘एबल’ची चर्चा ‘डिसेबल्ड’पर्यंत येणार हे माहीत होतं, म्हणून थांबले होते.

लहानपणी माझ्या दाखल्यावर ‘अंध’ होतं, शाळेच्या अर्जात ‘अपंग’, मग कुठे ‘विकलांग’, आता ‘दिव्यांग’. इंग्रजीत ‘हँडिकॅप्ड’ गेलं, ‘डिफरंटली एबल्ड’ आलं, तेही बऱ्याच जणांना नको झालं. आमच्या हक्कांबद्दलच्या 2006च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ‘पर्सन्स विथ डिसेबिलिटीज’ आहे, आपल्या 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या इंग्रजी नावातही तेच. त्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले, तो मला नावापेक्षा खूप मोठा बदल वाटतो, कारण त्यामुळे माझ्या मैत्रिणीला पहिल्यांदा दाखला मिळाला.

‘डिफरंटली एबल्ड’ मला का आवडत नाही ते सांगते. त्यात ‘एबल’ आहे, पण कशाला ‘एबल’ ते सांगितलेलं नाही. वर सर म्हणाले ना, ‘अनेबल’ काय करता येत नाही हे सांगितल्याशिवाय उभा राहत नाही? मला वाटतं माणसाच्या बाबतीत दोन्ही शब्दांना ती अट लावावी. मला छापील कागद वाचता येत नाही. मला ब्रेल वाचता येतं, रेल्वेने एकटीला मुंबईला जाता येतं, पुरणपोळी लाटता येते. फूटपाथवर कुणी दुचाकी लावली की मला चालता येत नाही, आणि तिथे माझ्या डोळ्यांपेक्षा त्या दुचाकीचा संबंध जास्त आहे.

मराठीत मला सगळ्यात सरळ वाटतं ते ‘मला दिसत नाही’. तीन शब्द. त्यात दया नाही, गौरवही नाही. विचारणाऱ्याने पुढे विचारावं, ‘मग हे कसं करता?’ मी सांगेन.

---

ओसरी

पांढरी_काठी ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ‘कशाला एबल ते सांगितलेलं नाही’ हे मी वर्षानुवर्षं व्याकरण वाचूनही असं मांडलं नव्हतं.

---

बचतगटवाली

सोलापूर जिल्ह्यात गटांचं काम करते. इथे ‘सक्षम’ला जरा जास्तच बोल लागलेत, म्हणून माझं वेगळं मत.

‘सक्षमीकरण’ आधी सरकारी कागदातूनच आलं, ‘सबलीकरण’ त्याच्या आगेमागे. पण आमच्या बायकांनी शब्द उचलला तो कागदासाठी नाही. गटातली एक बाई, नवरा गेल्यावर दिराच्या दारात राहायची. शेळ्या घेतल्या, कर्ज फेडलं, स्वतःच्या नावावर खातं काढलं. बैठकीत उभी राहून म्हणाली, ‘आता मी सक्षम झाले.’ तिला ‘मला जमतं’ म्हणायचं नव्हतं, ते तर तिला आधीपासून जमत होतं. राबत होतीच ना? तिला सांगायचं होतं की आता तिला कुणाला विचारावं लागत नाही. त्यासाठी तिला दुसरा शब्द सुचवून बघा, सापडणार नाही.

शब्द परका असेल, पण तिने तो कमावलाय.

---

काळा_डगला

शंभर टक्के मान्य. आणि शब्दाचं मूळही तिच्या बाजूने आहे. संस्कृतात ‘क्षम’ म्हणजे समर्थ, आणि त्याचा धातू ‘क्षम्’ म्हणजे सहन करणं. ‘क्षमा’ त्याच धातूतून.

---

पाणपोई

सगळ्यांचे मनापासून आभार. बचतगटवाली ताई, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. आता माझ्यापुरती वाटणी अशी केली आहे: माणसाबद्दल, त्याच्या स्थितीबद्दल बोलायचं असेल तर सक्षम, समर्थ, कर्तबगार, जे शोभेल ते. ‘एबल टू’च्या पुढे एखादी क्रिया असेल तर विशेषण नाही, क्रियापद. पत्रात ‘वी आर अनेबल टू ॲक्सेप्ट’ असेल तरी ‘स्वीकारण्यास असमर्थ आहोत’ लिहिणार नाही, ‘स्वीकारता येत नाही’ लिहीन.

काल नवी प्रश्नावली घेऊन त्याच दवाखान्यात गेले. ओसरीकाकांनी सांगितलेली अडचण खरी निघाली. ‘जिना चढवतो का?’ विचारल्यावर म्हाताऱ्या माणसांनी पटकन उत्तरं दिली, पण सोबत आलेल्या नातवंडांनी ‘काय चढवायचंय?’ असं विचारलं. ‘चढता येतं का?’ सगळ्यांना कळलं. मग लक्षात आलं की होकारात कुणीच ‘चढवतो’ म्हणत नाही. ‘येतं’ म्हणतात. नकारात मात्र पुन्हापुन्हा ‘चढवत नाही’ येत होतं, आणि ते म्हणताना हात आपोआप गुडघ्यावर जात होता.

म्हणून आता असं केलंय:

‘एक मजला जिन्याने चढून जाता येतं का?’
‘हो, सहज.’ ‘हो, थांबत थांबत.’ ‘नाही, चढवत नाही.’

त्या आजी पुन्हा तपासणीला आल्या होत्या. त्यांना मी स्वतः वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘येतं की. सहा पायऱ्या झाल्या की कठड्याला टेकते, श्वास घेते, मग उरलेल्या.’ सिस्टरनी मधल्या उत्तरावर खूण केली आणि शेजारी पेनाने लिहिलं: सहा पायऱ्यांनंतर थांबतात.